गावातल्या जुन्या चर्चचा आणि तिथल्या घरांचा इतिहास लिहायचाय? मग असं करा

आपल्याकडं चर्चचा वर्धापनदिन आला की एक स्मरणिका निघते. पहिल्या पानावर बिशप साहेबांचा शुभसंदेश, मग आमदार साहेबांचा, मग मिशनरी साहेबाचा फोटो, मग आजवरच्या पाळकांची यादी, मग जाहिराती, संपलं. ज्या घरांनी ते चर्च उभं केलं, पाळकसाहेबांच्या पगाराला ज्वारी-बाजरी दिली, गावानं पाणी बंद केलं तरी रविवार चुकवला नाही, त्या घरांचं नाव औषधाला सापडत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, साहेबांचा इतिहास साहेबांच्या लोकांनी भरपूर लिहून ठेवलाय, तो पुन्हा लिहायची गरज नाही, आपण घरं लिहायची. कसं लिहायचं ते खाली सांगतोय. जालना, परभणी, बीड, संभाजीनगर पट्ट्यातली मंडळी डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय पण बाकीच्यांनाही चालेल.

आधी आपलं चर्च मुळात कुणाचं ते बघा

हे न बघता लोक कागद शोधायला लागतात आणि दमतात. आज बोर्डावर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) लिहिलंय म्हणून जुने कागद सीएनआय नावानं शोधले तर काहीच मिळणार नाही कारण सीएनआय झालंच २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपूरला. त्याच्या आधी आपल्यातली काही चर्चं प्रेस्बिटेरियन (पाळक आणि निवडलेल्या ज्येष्ठांच्या कारभाराची) होती, काही अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची), काही काँग्रिगेशनल (जिथं प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते).

जालन्याकडचं काम स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं, म्हणजे प्रेस्बिटेरियन. ते सुरू केलं रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात. हा माणूस ब्राह्मण घरातला, मुंबईत शिकलेला, १८४३ ला बाप्तिस्मा घेतलेला. त्याच साली त्यांच्या धाकट्या भावावरून, श्रीपतवरून, मुंबईत केवढा गदारोळ झाला, मिशनऱ्यांकडं गेलेला मुलगा कोर्टातून बापाकडं परत आला पण त्याला जातीत घ्यायचं की नाही यावर वाद पेटला आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले. शाळेत बाळशास्त्री म्हटलं की फक्त दर्पण सांगतात, हे कुणी सांगत नाही. असो. तर या शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. म्हणजे आपल्या भागातल्या प्रेस्बिटेरियन कामाचा पाया घालणारा माणूस गोरा साहेब नव्हता, मराठी माणूस होता, हे स्मरणिकेत ठळक टाका. संभाजीनगरकडं मात्र अँग्लिकन सीएमएसचं (चर्च मिशनरी सोसायटीचं) काम होतं, तिथं रेव्ह. रतनजी नौरोजी हे पारशी घरातून आलेले पाळक होते. आणि अहमदनगरकडून गोदावरीच्या काठाकाठानं जे लोक आले ते बहुतेक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल.

प्रेस्बिटेरियन असेल तर नावांची ही साखळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. स्कॉटलंडच्या बाजूनं: १८४३ ला फ्री चर्च, १९०० ला युनायटेड फ्री चर्च, १९२९ ला चर्च ऑफ स्कॉटलंड. भारताच्या बाजूनं: १९०४ ला प्रेस्बिटेरियन चर्च इन इंडिया, १९२४ ला युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया म्हणजे यूसीएनआय, १९७० ला सीएनआय. एकाच चर्चचे कागद या सहा नावांखाली पसरलेत, इमारत तीच, माणसं तीच, शिक्का वेगळा.

रजिस्टर कुठं असतात आणि कसे वाचायचे

पाळकसाहेबांच्या घरातलं गोदरेजचं कपाट. नव्वद टक्के वेळा उत्तर तिथंच असतं. नसलं तर जवळच्या मोठ्या चर्चमध्ये, नाहीतर डायोसिसच्या (बिशपच्या विभागाच्या) ऑफिसात, नाहीतर एखाद्या जुन्या सेक्रेटरीच्या घरी माळ्यावर.

पण मागायला जाताना एक लक्षात ठेवा. चर्चच्या आणि मिशनच्या जमिनींच्या भानगडी सगळीकडं चालू आहेत, त्यामुळं कुणी जुने कागद मागितले की पहिली शंका तीच येते. ‘हे कशाला विचारायलेत, कुणी पाठवलंय यांना.’ म्हणून एकटं जाऊ नका, पास्टोरेट कमिटीकडून (चर्चच्या कारभारी कमिटीकडून) एक साधा ठराव करून घ्या की अमुक माणसं इतिहास लिहायलेत, रजिस्टर जागेवरच बघतील, बाहेर नेणार नाहीत. आणि खरंच बाहेर नेऊ नका. झेरॉक्सच्या दुकानात तर अजिबात नाही, जुनी बांधणी काचेवर दाबली की पाठकणा मोडतो. खिडकीच्या उजेडात टेबलावर ठेवून मोबाइलनं फोटो काढा, फ्लॅश बंद, एक पान एक फोटो, आणि प्रत्येक रजिस्टरच्या कव्हरचा फोटो आधी. नाहीतर घरी आल्यावर कळत नाही कुठलं पान कशातलं.

बाप्तिस्म्याचं पान साधारण असं असतं. अनुक्रमांक, तारीख, नाव, आईबापाचं नाव, गाव, वय, धंदा, कुणी बाप्तिस्मा दिला, शेरा. शाई तपकिरी झालेली, वाळवीनं एका कोपऱ्यात आरपार भोक, त्यामुळं सात-आठ पानांवर त्याच जागेचा एकेक शब्द गेलेला. तो शब्द अंदाजानं भरू नका, चौकोनी कंस टाकून मोकळा सोडा. शेऱ्याचा रकाना आधी वाचा. खरी गोष्ट तिथं असते: ‘आईसह’, ‘बायको आली नाही’, ‘जालन्यास बदलून गेला’, ‘परत गेला’. त्या एका ओळीत कधीकधी घर फुटल्याची हकीकत असते.

अजून एक खूण सांगतो. रजिस्टरात धर्ममाता-धर्मपिता असा रकाना असेल तर ते अँग्लिकन वळणाचं आहे. प्रेस्बिटेरियन पद्धतीत लेकराच्या बाप्तिस्म्याला वचन आईबापच देतात, त्यामुळं तो रकाना लागत नाही. रजिस्टरचं कव्हर फाटून गेलं असेल तर या एका गोष्टीवरून बराच अंदाज येतो.

आडनावावर विसंबू नका. जुन्या नोंदीत आडनाव बहुतेक नसतंच, समजा ‘सखाराम वल्द गोविंदा’ (गोविंदाचा पोरगा सखाराम) एवढंच असतं, त्याचा पोरगा शाळेत गेला तेव्हा मास्तरनं गावावरून आडनाव लावलं, दुसरा पोरगा रेल्वेत लागला तिथं भावकीचं आडनाव लागलं, आणि तिसऱ्यानं बापाचं नावच आडनाव करून टाकलं. सख्ख्या भावांची तीन आडनावं. त्यात बाप्तिस्म्याला नाव बदललेलं असेल तर लक्ष्मी पुढच्या नोंदीत मार्था होते आणि आपण दोन बाया समजतो. म्हणून माणूस जुळवताना बापाचं नाव, गाव आणि तारीख या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, दोन जुळल्या तर पेन्सिलनं लिहा. एका घराला एक पान द्या, आणि प्रत्येक माणसाला नंबर द्या कारण योहान आणि शमुवेल इतके निघतात की नावावर काम चालत नाही.

मग तारखांकडं जरा लांबून बघा. एकाच दिवशी एकाच वाड्यातले, एकाच भावकीतले वीस-पंचवीस जण दिसतील, म्हणजे घराण्यानं बसून ठरवलेलं होतं. काही नोंदी १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या आसपास दाटीनं येतात, हे दुष्काळाचे काळ. त्यावरून ‘पोटासाठी धर्म सोडला’ असं म्हणणारे म्हणतातच, आणि आपले लोक लाजून ती पानं गाळतात. गाळू नका. भुकेत ज्यानं भाकर दिली त्याच्याकडं माणूस गेला यात लाजायचं काय, आणि दुष्काळ सरल्यावर परत गेले तेही त्याच रजिस्टरात आहेत आणि राहिले तेही आहेत. दोन्ही छापा.

सेशनची मिनिटबुकं मिळाली तर लॉटरी समजा

प्रेस्बिटेरियन चर्चची खासियत म्हणजे कारभार एकट्या पाळकाच्या हातात नसतो, मंडळीनं निवडलेले वडील (म्हणजे एल्डर, बाप नव्हे) आणि पाळक मिळून सेशन बसतं, त्याच्या वर प्रेस्बिटरी म्हणजे आसपासच्या चर्चांची मिळून सभा. सेशनच्या प्रत्येक बैठकीचं मिनिट लिहायची शिस्त होती. ज्या काळात गावच्या चावडीत आपल्या आज्याला पायरीवर सुद्धा बसू देत नव्हते त्या काळात तो इथं खुर्चीवर बसून ठरावाला हात वर करत होता, हे मला या सगळ्या कागदांतलं सगळ्यात मोठं वाटतं.

मिनिटबुकात काय बघायचं? वडील म्हणून कोण निवडलं, कोणत्या घरातून, वर्गणी पैशात की धान्यात, आणि मुख्य म्हणजे शिस्तीची प्रकरणं. दारू प्याला, जत्रेला गेला, पोरीचं लग्न कमी वयात केलं, लग्नात हलगी वाजवायला गेला अशा कारणांवरून प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) बंद केल्याच्या नोंदी असतात. वाचायला मजा येते पण हे आत्ताच्या लोकांचे आजे-पणजे आहेत, नावासकट छापायचं की नाही ते त्या घराला विचारून ठरवा. मी तर सरळ नाव गाळतो आणि प्रकार लिहितो, काळ कळतो आणि कुणाची मान खाली जात नाही.

मिशनचे रिपोर्ट आणि ज्ञानोदय

मिशनचे छापील रिपोर्ट इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. शोधताना जुनी स्पेलिंगं टाकायची, जालन्याची एकापेक्षा जास्त स्पेलिंगं सापडतात, शेषाद्री नाव एस वरून पण असतं आणि एसएच वरून पण. ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक १८४२ ला अहमदनगरहून सुरू झालं, त्यात मराठीतूनच पत्रं आणि मृत्यूच्या बातम्या येत, आपल्या गावचं नाव टाकून चाळा. स्कॉटलंडच्या मिशनचे मूळ कागद एडिनबर्गच्या नॅशनल लायब्ररीत आहेत, तिथं कुणी नातेवाईक शिकायला असेल तर गोड बोलून कामाला लावा. बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या आर्काइव्हजला पण ईमेल टाकून बघा.

रिपोर्ट वाचताना एवढं ध्यानात असू द्या की तो तिकडच्या देणगीदारांसाठी लिहिलेला असायचा. त्यात साहेबाचं नाव पूर्ण, मडमसाहेबांचं पूर्ण, आणि आपला माणूस म्हणजे ‘एक विश्वासू कॅटेकिस्ट’ (धर्मशिक्षण देणारा प्रचारक), ‘एक म्हातारी बायबल बाई’. नाव नाही. आपलं काम इथंच आहे. रिपोर्टातलं साल आणि गाव घ्यायचं आणि रजिस्टरात त्या साली त्या गावात कोण होतं ते शोधायचं. कॅटेकिस्ट आणि शाळा मास्तर दर दोन-चार वर्षांनी बदलून जायचे, त्यामुळं एकाच मास्तरच्या चार लेकरांचे बाप्तिस्मे चार गावांत निघतात, त्या क्रमानं लावले की त्याची सगळी नोकरी समोर येते. बायबल बायांचं तर आवर्जून शोधा, बहुतेक विधवा होत्या, घरोघरी जाऊन बायाबापड्यांना अक्षर शिकवायच्या, आणि स्मरणिकेत त्यांचं एक नाव नसतं.

तहसीलचे कागद, फसली साल आणि उर्दू

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं, त्यामुळं महसुली कागद उर्दूत, काही मोडीत, आणि साल फसली, म्हणजे महसुली वर्षाचं. निजामाची फसली काढायला सोपं आहे, ५९० मिळवा. फसली १३५७ म्हणजे १९४७. फक्त वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीपासून पुढची तारीख असेल तर ५९१ मिळवा. पोलिस अॅक्शन १९४८ च्या सप्टेंबरात झाली ती फसली १३५७ चीच, असा ताळा करून बघा.

मागायचं काय? जमिनीसाठी सेतवार, १९५४-५५ चं खासरा पत्रक, जुनी पाहणी पत्रकं, आणि जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हापासून तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये ही नावं शिपायाला पण पाठ झालीत, आणि मोडी-उर्दू वाचणारे कोण आहेत तेही तिथंच कळतं. आपल्याला त्याचा फायदाच झाला. उर्दूसाठी मशिदीजवळचे एखादे रिटायर्ड मास्तर गाठा, चहा पाजा, पैसे विचारा, बहुतेक घेत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांकडं कसं बसायचं

हे सगळ्यात आधी करा, खाली लिहिलंय म्हणून शेवटी ठेवू नका. रजिस्टर दहा वर्षांनी पण कपाटात असेल, आज्जी नसेल.

‘तुमचा जन्म कधीचा’ असं विचारलं की उत्तर येतं ‘काय माहीत बाबा’. साल विचारायचंच नाही, घटना विचारायची. ‘आज्जी, रजाकारात तुमी केवढ्या व्हत्या?’ ‘कडंवर व्हते, मायनं मला ज्वारीत लपवलं व्हतं.’ झालं, १९४७-४८ ला वर्ष-दोन वर्षांची. तसंच मागं गेलं तर मानमोडीची (इन्फ्लुएन्झाची) साथ म्हणजे १९१८, हे आता फक्त आईबापाकडून ऐकलेलं मिळतं. पुढं आलं तर ७२ चा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. या खुंट्यांना लग्नं, जन्म, मरणं टांगत जायची.

बायांना माहेर विचारा. आपली प्रेस्बिटेरियन घरं थोडी, त्यामुळं सोयरिकी लांब लांब झाल्यात, माहेरच्या गावांची नावं लिहीत गेलं की कुठल्या चर्चमधून कुठल्या चर्चमध्ये लेकी दिल्या ते कळतं आणि बापाच्या बाजूनं अडलेली वंशावळ मामाच्या बाजूनं सुटते. आणि पाठ असलेली भजनं रेकॉर्ड करा. छापील पुस्तकात नसलेली, ओवीच्या चालीवरची जात्यावरची गाणी काही जणींना येतात, त्यात गावाची आणि माणसांची नावं असतात.

एक प्रश्न मात्र हळू विचारा. ‘तुमच्यातले बाकीचे कुठं गेले?’ कारण १४ ऑक्टोबर १९५६ नंतर त्याच भावकीतले कितीतरी बौद्ध झाले, काही हिंदूच राहिले, काही आपल्यात. एका आज्याची नातवंडं, एक चर्चला, एक विहाराला, एक मरीआईला. वंशावळीत सगळ्यांना घ्या. फक्त ख्रिस्ती फांदी ठेवून बाकीच्या छाटल्या तर ती वंशावळ खोटी होते, आणि त्या फांदीवरच्या चुलत्यांकडं कधीकधी आपल्यापेक्षा जुने कागद असतात.

कब्रस्तान

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. पाणी आणि मऊ ब्रश, बस. तारेचा ब्रश, अॅसिड, खडू लावून घासणं हे प्रकार करू नका, शाबादी फरशीची पापडी निघते. नुसतं दगड आणि मातीचा ढिगारा असलेल्या कबरी पण नकाशात दाखवा, गरीब घरांच्या त्याच आहेत. कुणाची कोणती ते जुन्या माणसाला सोबत नेऊन विचारा.

काय छापायचं नाही

हे नाजूक आहे म्हणून स्पष्ट लिहितो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना, मग १९५६ पासून शिखांना, १९९० पासून बौद्धांना, पण ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. त्यामुळं कितीतरी घरांत चर्चच्या रजिस्टरात एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं अशी परिस्थिती आहे. त्यावर कुणी काय म्हणायचं ते म्हणो, आपल्या पुस्तकामुळं एखाद्या पोराची नोकरी धोक्यात येता कामा नये. म्हणून हयात माणसांची नावं, जात, बाप्तिस्म्याची तारीख छापायची नाही. मी तर म्हणतो आज्यापर्यंतच थांबा, आणि त्या पिढीचं पण घरच्यांची सही घेऊनच. पूर्ण वंशावळ त्या घराला हातानं लिहून द्या, त्यांच्या पेटीत राहू द्या. पीडीएफ करून ग्रुपवर टाकली की ती कुठं फिरेल याचा नेम नाही.

अनाथ म्हणून मिशनमध्ये वाढलेल्यांचं आणि बिनलग्नाच्या आईचं लेकरू असं ज्यांच्यापुढं लिहिलंय त्यांचं पण तसंच.

लिहून झाल्यावर

एका घराला दोन-तीन पानं पुरतात. पहिला कोण आला, कुठल्या गावाहून, काय धंदा, बायको कुठली, लेकरं कुठं गेली, आणि त्या घराची एक तरी खरी आठवण. ‘थोर, श्रद्धाळू, मनमिळाऊ’ असले शब्द काढून टाका, सगळ्यांच्याच आजोबांना ते लागतात. माहिती कुठून आली ते तिथंच वाक्यात लिहा, ‘रजिस्टरात असं आहे’, ‘सून असं सांगते’, म्हणजे दोन्हीत फरक निघाला तर वाचणाऱ्याला कळतं.

छापायच्या आधी कच्ची प्रत उपासनेनंतर चर्चच्या ओसरीत टेबलावर ठेवा, सोबत दोरीला पेन्सिल बांधून. दोन-तीन रविवारी भांडणं होतील, ‘आमचं घर तिसरं नाही पहिलं आहे’ वगैरे, होऊ द्या, त्या भांडणातूनच कुणीतरी घरी जाऊन ट्रंकेतला जुना दाखला घेऊन येतं. मग छापा. एक प्रत पाळकसाहेबांच्या कपाटात, एक डायोसिसला, एक जिल्हा ग्रंथालयात, आणि फोटो दोन वेगळ्या घरांत दोन पेनड्राइव्हवर. बिशप साहेबांचा शुभसंदेश टाकायचाच असेल तर शेवटच्या पानावर टाका.